मै काना, जेवायला या

२८ जानेवारी

पोचलो एकदाचे! दीड दिवसाच्या बोटीत माझ्या नवऱ्याने, नेमानीने, पोटातलं सगळं समुद्राला देऊन टाकलं, आमच्या लेकीने, लितीने, डेकवर नाच केला आणि मी आपली भांड्यांच्या पेटीवर बसून राहिले. राजधानीत, सुव्यातल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी काम करायची, तिथून निघताना मुलींनी मला मोठी कढई भेट दिली होती. तिच्यावरून मी नजर हटवणार नव्हते.

धक्का नाहीच इथे. छोट्या होडीत उतरायचं आणि मग गुडघाभर पाण्यातून चालत यायचं. किनाऱ्यावर शाळेची मुलं रांगेने उभी राहून गात होती. नव्या हेडमास्तरांच्या, म्हणजे आमच्या नेमानीच्या, गळ्यात हार पडला तेव्हा हेडमास्तरांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा झाला होता. लितीचे गाल मात्र गावातल्या प्रत्येक बाईने ओढून पाहिले. सहा वर्षांची आहे, पण गाल अजून बाळाचेच आहेत.

किनाऱ्यावरून घराकडे येताना प्रत्येक दारातून हाक. "मै काना!" जेवायला या. आणि आम्ही प्रत्येक दाराला ठरलेलं उत्तर देतोय की आभार, जेवण झालंय. नेमानीच्या पोटात कण नव्हता, तरी तोही बिचारा हसत हसत जेवण झालंय, जेवण झालंय करत चालला होता. आपल्याकडे भुकेने जीव जात असला तरी माणूस हेच म्हणणार. लितीसुद्धा बोलायला लागली तेव्हा आधी हेच दोन शब्द शिकली.

१ फेब्रुवारी

घर छान आहे. गावाच्या वरच्या टोकाला, शाळेला लागून. पुढचं दार समुद्राकडे उघडतं, मागची खिडकी डोंगराकडे. ती खिडकी खिळे ठोकून बंद केलेली होती. मी पहिल्याच दिवशी खिळे उपटले. स्वयंपाकघरात वारा नको का?

शेजारी बू केलेरा राहते. सगळ्या गावाची आजी. दात चारच, पण जीभ धारदार. मी मासा साफ करत होते तर म्हणाली, सुव्याची बाई, माशाला खवले असतात हे तुला ठाऊक आहे तर! मला वाटलं, तुमच्याकडे मासे डब्यातच पोहतात. मी म्हटलं, बू, तू ये जेवायला, मग बोल. तेव्हा आली, दोन ताटं खाल्ली आणि जाताना मीठ कमी होतं म्हणाली.

एक गंमत लिहायची राहिली. आज मी डोंगराकडच्या मळ्यातून दालो, म्हणजे अळूचे कंद, घेऊन उतरत होते. वाटेवरच्या घरातली बाई उठली, माझ्याकडे पाठ केली, समुद्राकडे तोंड केलं आणि मला जेवायला बोलावलं! पुढच्या घरीही तेच. मला हसू आवरेना. बूला विचारलं, तर तिने लितीच्या केसांतल्या उवा शोधायचं काम काढलं. लितीच्या केसांत उवा नाहीत.

८ फेब्रुवारी

नेमानी दिवसभर शाळेत. मी घरात काय करू? हॉटेलात दोनशे माणसांचा स्वयंपाक करणारी मी, इथे तीन ताटं वाढून मोकळी होते. म्हणून ठरवलं की लिहायचं. आईच्या हातचे पदार्थ, मी शिकलेले पदार्थ, इथे बायका करतात ते पदार्थ. ब्लॉग काढायचा.

सुव्याला इलाइतियाला फोन केला. माझा मामेभाऊ, कॉम्प्युटरवाला. मामेभाऊ म्हणजे माझी टर उडवायचा त्याला जन्मापासून परवाना आहे. म्हणाला, उनाइसी, तू लिहिणार? तुझी किराणा मालाची यादी वाचायला दुकानदार घाबरतो. मग तासभर नीट शिकवत बसला. आधी नाव हवं. छोटं, बोलायला सोपं, एकदा ऐकलं की डोक्यात राहील असं. आणि ते आधी कोणी घेतलेलं नको. नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीने भाड्याने मिळतं. पण जोवर आपलं, तोवर जगात दुसऱ्या कोणाचं नाही.

पंचवीस नावं कागदावर काढली. "उनाइसीची कढई" नेमानीला आवडलं, पण फार लांब. "नारळाचं दूध" कोणीतरी आधीच घेऊन बसलेलं. मग सुचलं. "मै काना". यापेक्षा चांगलं नाव असेल तरी काय? पत्त्यात नावापुढे टिंब देऊन जो शेवट जोडतात, त्यातला एक कोणीतरी घेतला होता, दुसरा मोकळा होता. इलाइतियाने नाव माझ्या नावावर दहा वर्षांसाठी नोंदवून टाकलं. वाढदिवसाची भेट, म्हणे, पुढच्या दहा वाढदिवसांची मिळून.

१४ फेब्रुवारी

नाव म्हणजे नुसती दारावरची पाटी, इलाइतिया म्हणतो. पाटीमागे घर हवं. ते घर म्हणजे होस्टिंग. बहुतेक लोक परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या मोठ्या यंत्रात खोली भाड्याने घेतात. नाव टाइप करणारा माणूस पाटी वाचतो आणि थेट त्या घराच्या दारात जाऊन उभा राहतो. ते घर कुठल्या देशात आहे, हे त्याला कळतही नाही.

पण मला ते पटलं नाही. इथे इंटरनेट येतं ते डोंगरावरच्या खांबावरून. दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली, रिवाजाप्रमाणे गावापुढे यांगोनाची मुळं भेट ठेवून परवानगी मागितली आणि जुन्या गावाच्या मोकळ्या जागेत खांब उभा केला. खांबावरून शाळेत, शाळेतून आमच्या घरात. ढग आले की बंद. गावातल्या बायकांना त्यांचेच पदार्थ वाचायला परदेशाहून मागवावे लागणार, हे मला काही पसंत नव्हतं. शाळेने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर होता. म्हटलं, ब्लॉग याच्यातच ठेवू. माझा ब्लॉग माझ्या घरात राहील.

इलाइतिया म्हणाला, वेडी आहेस, पण होईल. दोन दिवस फोनवरून सांगत होता, हे दाब, ते दाब, ते नको दाबू, नको म्हटलं ना! शेवटी कुलपाचं छोटं चित्र पत्त्याशेजारी उमटलं, म्हणजे घर सुरक्षित. कॉम्प्युटर मागच्या खिडकीखाली फळीवर ठेवलाय. रात्रंदिवस चालू राहायला हवा. हिरवा दिवा लुकलुकत असतो.

१८ फेब्रुवारी

आज ब्लॉग सुरू झाला! पहिला लेख अळूच्या पानांचा, नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेल्या. फोटोत लिती बोट चाटतेय. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "मै काना! किनाऱ्यावरच्यांनो, डोंगरावरच्यांनो, समुद्रापलीकडच्यांनो, कोणीही या, कधीही या. दार उघडं आहे." इलाइतियाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे. खरं तर कांदा चिरत असेल.

बूला फोनवर दाखवायला गेले. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, आता मिठावरून बोलेल. पण तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि विचारलं की हे कुठे ठेवलंय. मी सांगितलं, मागच्या खिडकीखाली. तिने विचारलं, बंद कधी करतेस? मी म्हटलं, बंद करायचंच नसतं, बू, तेच तर कौतुक आहे. ती उठून आत गेली. जेवायला थांब, असं म्हणाली नाही. या गावात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

२३ फेब्रुवारी

ब्लॉगचं एक मागचं दालन असतं, फक्त मालकाला दिसणारं. तिथे नकाशा आहे. वाचक जिथे असेल तिथे ठिपका. सुव्यात खूप ठिपके (हॉटेलातल्या मुली!), ऑकलंडमध्ये थोडे, सिडनीत माझी मावसबहीण. आणि एक ठिपका आमच्या बेटावर. मला वाटलं, मीच. इलाइतिया म्हणाला, नाही, तुझं स्वतःचं येणं मोजायचं नाही असं मी लावून ठेवलंय. मग गावातलं कोणीतरी असेल. नकाशा मोठा करून पाहिला. ठिपका गावात नाही, वर डोंगरावर आहे. खांबाजवळ. इलाइतिया म्हणतो, खांबामुळे तसं दिसत असेल. असेलही.

पण तो वाचक ब्लॉग सोडून जात नाही. बाकीचे येतात, चार मिनिटं वाचतात, जातात. हा पहिल्या दिवसापासून आहे.

ब्लॉगवर शोधायची एक चौकट आहे. वाचकाने तिथे काय लिहिलं, तेही मागच्या दालनात दिसतं. सुव्याच्या मुलींनी "मासा", "केक", "उनाइसी लठ्ठ झाली का" असलं काहीतरी लिहिलंय. डोंगरावरच्या वाचकाने लिहिलंय "पाणी". मग "पेज". मग पुन्हा "पाणी". आज सकाळी "लहान मुलासाठी काहीही".

बिचारी कोणी नवी आई असेल. मी ताबडतोब तांदळाच्या पेजेची कृती लिहून टाकली.

२७ फेब्रुवारी

परवाच्या बोटीने नेमानी सुव्याला गेला, हेडमास्तरांच्या बैठकीला. पंधरवड्याने येईल.

काहीतरी बिघडलंय. तांदूळ जुना असेल का? दोघींपुरता भात चार माणसांचा केला तरी पोट भरत नाही. चव नाही म्हणावं तर तसंही नाही. तोंडात सगळं आहे, पोटात काही नाही. लिती जेवून उठते आणि लगेच भूक लागली म्हणते. मी रागावले, तर रडली. मग मलाच रडू आलं, कारण मलाही भूक लागली होती.

अजून एक. लिती हल्ली चटईवर अगदी भिंतीला चिकटून बसते. मी म्हटलं, एवढी मोठी चटई आहे, नीट ये पुढे. ती म्हणाली, पुढे जागा नाहीये, आई.

२ मार्च

लितीचे गाल गेले. चार दिवसांत. मी आज तिला कडेवर घेतलं आणि तशीच बूकडे गेले. बूने लितीला मांडीवर घेऊन शिजवलेला दालो भरवला. लिती दोन तुकड्यांतच पोट भरलं म्हणाली आणि तिथेच झोपली. मी बघत राहिले. आमच्या घरी तिने सकाळी पातेलंभर खाल्लं होतं.

मग बूने सांगितलं. लिती झोपलीय याची खात्री करून, समुद्राकडे तोंड करून.

हे गाव पूर्वी वर होतं, डोंगरावर. खाली चार घरं कोळ्यांची. बूच्या पणजीच्या काळात गोवराची साथ आली. वर सगळं गाव एकदम आजारी पडलं. पाणी आणायला कोणी नाही, चूल पेटवायला कोणी नाही. खालची माणसं धडधाकट होती. वरून हाका ऐकू यायच्या. पाणी मागायचे, पेज मागायचे, स्वतःसाठी नाही तर निदान पोरांसाठी मागायचे. खालच्या माणसांना साथीची भीती. ती समुद्राकडे तोंड करून बसली आणि हाका थांबेपर्यंत तशीच बसून राहिली. गोवराने मेले त्याहून जास्त भुकेने मेले, बू म्हणाली. आम्ही त्या खालच्यांची पोरं आहोत.

म्हणून इथे कोणी डोंगराकडे तोंड करून जेवायला बोलावत नाही. सूर्य बुडाल्यावर तर कोणालाच नाही. माणूस हाक मारतो तेव्हा पाठ फिरवू शकतो, बू म्हणाली, थकतो, झोपतो. तुझ्या त्या पेटीला पाठ कुठे आहे, पोरी? ती तर रात्रंदिवस हाका मारतेय, आणि तीही त्यांच्याच दारातून जाणाऱ्या तारेवरून.

मी हसले. हसले आणि घरी येऊन आधी पहिल्या पानावरची ती ओळ पुसून टाकली.

४ मार्च

ओळ पुसली, लेख पुसले, कॉम्प्युटर बंद केला, वायर उपटली. हिरवा दिवा गेला. तरी चटईवर जागा नाही. चटईला मी स्वतः हात लावून पाहिला. वेताचं विणकाम दबलेलं आहे, मांडी घालून माणसं बसल्यावर दबतं तसं, ओळीने, भिंतीपर्यंत.

दिलेलं आमंत्रण परत घेता येत नाही. हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पाहुणा स्वतः जेवण झालंय म्हणाला तरच उठतो. आणि यांचं जेवण होतच नाही.

लिती आता रडतसुद्धा नाही.

६ मार्च

दोन दिवस बूकडे जेवलो. आज बूच्या घरीही पोट भरलं नाही. बूचंही नाही. ती आपल्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने आमची भांडी बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी गावातून खाली गेले, लितीला घेऊन. एकाही दारातून हाक आली नाही. बायका समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. मी मोठ्याने म्हटलं, माझ्यासाठी नको, पोरीसाठी काहीतरी द्या. मी हे म्हटलं आणि माझाच आवाज ऐकून अंगावर काटा आला.

मला त्यांचा राग येत नाही, असं लिहायचं होतं. पण येतो. फार राग येतो.

वादळाचा इशारा आहे. बोट येणार नाही.

८ मार्च

इलाइतियाला सगळं सांगितलं. तो हसला. माझ्या आवाजावरून त्याला कळलं की मी हसत नाहीये, तेव्हा त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मग म्हणाला, पाटी तर तुझ्याकडेच आहे ना? पाटीचा पत्ता बदल. घर माझ्या यंत्रात हलव, इथे सुव्यात. पाहुणे पाटी बघून येतात, जातील माझ्याकडे. माझ्याकडे डब्यातली मासळी भरपूर आहे, येऊ देत किती यायचेत ते.

मी नाही म्हणायला हवं होतं. लितीकडे बघितलं आणि हो म्हटलं. डोंगरावरच्या खांबाजवळ ढग नव्हता तेवढ्या वेळात, नेमानीच्या शाळेतल्या मशीनवरून नावाचा पत्ता बदलला. नवा पत्ता सगळीकडे पोचायला दोन दिवस लागतात, म्हणे. दोन दिवस!

११ मार्च

काल सकाळी लिती चटईच्या मधोमध पसरून झोपली होती. मी भात केला. मूठभर. तिने खाल्ला आणि ढेकर दिली.

देवा, तुझे उपकार. मी ताटावर डोकं ठेवून रडले.

इलाइतियाचा निरोप आलाय. तुझे पाहुणे आले वाटतं, नकाशावरचा ठिपका माझ्या खोलीत आहे, हा हा. भूक फार लागतेय आज.

१४ मार्च

नेमानीचा फोन. वादळामुळे तो सुव्यातच अडकलाय, म्हणून इलाइतियाला भेटायला गेला. दार उघडं होतं. इलाइतिया जमिनीवर बसून डब्यांमागून डबे खात होता. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. नेमानीला ओळखलं, पण बोलायला थांबला नाही. एवढंच म्हणाला की उनाइसीला सांगू नकोस.

आठ दिवसही झाले नाहीत.

मी माझी पोर वाचवली, इलाइतियाला देऊन. माझा भाऊ. त्याने नाव दिलं, घर दिलं, आणि मी त्याला—

नाही. परत बोलावते. पण या घरात नाही, आणि कोणाच्याच घरात नाही. त्यांच्याच घरात. खांबापाशी पेटी आहे, बॅटरी आहे, सूर्यावर चालते. कॉम्प्युटर तिथे लावायचा, पाटीचा पत्ता तिथला करायचा. आणि आमंत्रण दिलंय तर जेवण घेऊन जायचं. दीडशे वर्षांत कोणीच घेऊन गेलं नाही, एवढंच तर त्यांचं मागणं आहे.

पत्ता आत्ताच बदललाय. दोन दिवस.

१६ मार्च, सकाळ

रात्रभर चूल पेटती आहे. पेज केली आधी. मग अळूची पानं, दालो, मासा. आईच्या पद्धतीने. मी काही खाल्लं नाही. वाढणारीने आधी खायचं नसतं.

उजाडताना दार उघडलं तर पायरीवर टोपल्या होत्या. शिजवलेल्या दालोच्या, केळ्यांच्या, भाजलेल्या माशांच्या. सगळ्या गावच्या; बूला काल बेत सांगितला होता, तो गावभर पोचला असणार. माणूस एकही नाही. टोपल्या मीच वर न्यायच्या, हे मला कळलं. तरी बरं वाटलं.

लितीला बूकडे सोडलं. बूने दार उघडलं, तिला आत घेतलं, माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तिचं तोंड डोंगराकडे होतं. म्हणाली, वाढ आणि ये, पोरी. बसू नकोस तिथे. मी म्हटलं, मीठ नीट घातलंय, बू. ती हसली नाही.

१६ मार्च, दुपार

चार खेपा झाल्या. वर घरांचे नुसते दगडी चौथरे राहिलेत, दोन ओळींत, गवतात बुडालेले. प्रत्येक चौथऱ्यावर केळीचं पान मांडून वाढलं. लहान चौथऱ्यांवर पेज. कॉम्प्युटर खांबाला लावला. हिरवा दिवा आला. पहिल्या पानावर लिहिलं, "मै काना. इथेच, तुमच्याच घरी." मग तोंडानेही म्हटलं, मोठ्याने, कोणाकडेही पाठ न करता.

वारा थांबला.

मी खांबाला टेकून बसलेय. बसू नकोस म्हणाली होती. दोन मिनिटं फक्त.

गवत दबतंय. चौथऱ्याचौथऱ्यावर. मांडी घालून—

थोड्या वेळाने

इलाइतियाचा निरोप. दोन घास खाल्ले आणि पोट भरलं, उनाइसी. पोट भरलं! सोबत फोटो, ताटात अन्न उरलंय.

गेले त्याच्याकडून. इथे आलेत सगळे.

खांबाला लावलेल्या कॉम्प्युटरवर, शोधायच्या चौकटीत, एकच ओळ उमटलीय. "जेवण झालं." मग दुसरी, तीच. मग तीच, तीच. खालच्या लहान चौथऱ्यांकडूनही.

मी रडतेय. आनंदाने. झालं, लिती. घरी येते.

उरलेलं बघितलं. पानं भरलेलीच आहेत. एक घास तोंडात घातला, भूक लागली होती म्हणून. कागद चावल्यासारखा. त्यांनी आतलं सगळं घेतलंय. उपाशीच उतरायचं मग. काही हरकत नाही, खाली बूकडे—

पण उठावं तर वास येतोय. पानांवरचा नाही. चुली पेटल्याचा. नारळाचं दूध आटतंय कुठेतरी. आईच्या हातचा—

ते माझ्याकडे बघतायत. इथे कोणीही पाठ करत नाही.

पहिल्या चौथऱ्यावरून हाक आली. मला. मै काना.

आता दुसऱ्या. तिसऱ्या. दोन्ही ओळींतून. प्रेमाने बोलावतायत. परतफेड करतायत, चांगली माणसं आहेत, त्यांना फक्त—

उत्तर ठरलेलं आहे. दोनच शब्द. नेमानीने रिकाम्या पोटी हसत हसत म्हटले होते. लितीलासुद्धा येतात. मी म्हणते. लिहून संपलं की लगेच म्हणते.

जेवण

वास फार— आई, अगं आई तू इथे कशी— कालपासून पोटात कण नाही, फक्त एक घा